हातात १८,९०० रुपये येत असताना पुण्यात एकटीने खोली घेऊन राहणे कितपत शक्य आहे?

मांजराकाठची :

नमस्कार मंडळी.

मी मूळची लातूर जिल्ह्यातली असून सध्या पुण्यात शिवाजीनगर भागातल्या एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करते. माझा एकूण पगार २०,५०० रुपये आहे. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १,४४० आणि कर्मचारी राज्य विम्याचे १५४ रुपये कापले जाऊन साधारण १८,९०० रुपये हातात पडतात. त्यांतले ३,००० रुपये मी धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी दरमहा घरी पाठवते आणि त्याचा अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत ही रक्कम कमी होणार नाही, असे कृपया गृहीत धरावे.

सध्या मी एका पीजीमध्ये तिघींच्या खोलीत राहते. दोन वेळच्या जेवणासह त्याचे ८,५०० रुपये होतात. बस, फोन, औषधपाणी, कपडालत्ता असे सगळे धरून महिन्याला साडेतीन ते चार हजार रुपये शिल्लक पडतात. पैशाच्या दृष्टीने ही व्यवस्था वाईट नाही, हे मला मान्य आहे. परंतु महिनाअखेरीस काम आटोपायला उशीर होतो आणि रात्री साडेनऊनंतर दार उघडून घेण्यासाठी दर वेळी विनवणी करावी लागते. शिवाय नोकरी सांभाळून मी कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेची तयारी करीत आहे, आणि एकीचा फोन संपला की दुसरीचा सुरू होतो अशा खोलीत सलग तासभर अभ्यास होणेही कठीण असते.

आई-वडिलांचे म्हणणे असे की, मी हडपसरला आत्याकडे राहावे. आत्या मनापासून बोलावते; पण तिचे घर दोन खोल्यांचे, आतेभाऊ यंदा बारावीला आणि आतेबहीण दहावीला. तिथे जाऊन मला अभ्यासाला जागा मिळेल ती त्या दोघांच्या जागेतूनच मिळेल, हे मला पटत नाही.

मी धायरीत एक वन आरके पाहिले आहे. भाडे ७,५०० रुपये, अनामत २५,००० रुपये आणि दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी. माझ्या खात्यात ३०,००० रुपये साठलेले आहेत. एवढ्यावर हा निर्णय घेणे योग्य ठरेल का, आणि ज्या खर्चांचा मी विचारच केलेला नाही असे कोणते खर्च समोर येतील, याविषयी ज्यांनी स्वतः असे दिवस काढले आहेत त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. घरच्यांना कसे पटवावे, हा प्रश्न माझ्यावर सोडावा.

जमाखर्च :

आपण आकडे स्वच्छ मांडले आहेत, तेव्हा उत्तरही आकड्यांतच देतो.

आधी महिन्याचा हिशोब पाहू. भाडे ७,५००. वीज ५००. पाणी आणि देखभालीचे ३००. हे भाड्यात धरलेले आहेत की वेगळे, ते विचारून घ्यावे. जेवणखाण ३,५००. प्रवास १,५००, कारण २०२५च्या भाडेवाढीनंतर पीएमपी बसचा मासिक पास तेवढ्याला झाला आहे. फोन आणि इंटरनेट ४००. साबण, तेल, सॅनिटरी पॅड, झाडू-फिनेल असे किरकोळ ७००. ही बेरीज १४,४०० होते. घरी पाठवायचे ३,००० मिळवले की १७,४००. म्हणजे हातात १,५०० रुपये उरतात, आणि त्यातून गावी जाणे-येणे, सणवार, परीक्षेचे शुल्क, एखादा चपलेचा जोड, दाताचे दुखणे हे सगळे भागवायचे आहे. महिना ओढाताणीत का होईना, पण निघतो. तो निघत नाही असे जे सांगतील त्यांचे ऐकू नये.

खरी अडचण महिन्याची नसून पहिल्या दिवसाची आहे. अनामत २५,०००, दलाली ७,५००, पहिले आगाऊ भाडे ७,५००, कराराचा खर्च दीड ते तीन हजार, आणि गादी, पंखा, बादली, शेगडी, चार भांडी, पडदा, कुलूप असे किमान आठ हजार. एकूण पन्नास हजारांच्या आसपास रक्कम पंधरवड्यात हातावेगळी करावी लागते, आणि आपल्याकडे तीस आहेत. त्यातले भाडे पुढच्या पगारातून जाईल असे मानले, तरीही बारा-पंधरा हजार कमी पडतात. ते उसने घेऊन खोली घेतली, तर पुढचे वर्षभर उरणारे १,५०० रुपये ते उसने फेडण्यातच जातील. अनामत परत मिळते हे खरे. पण अडीअडचणीला ती उपयोगाची नाही, आणि तोंडावर आलेली अडचण आपला अकरा महिन्यांचा भाडेकरार संपण्याची वाट पाहत बसत नाही.

म्हणून माझे मत असे की, खोली घ्यावी, पण आज नव्हे. सध्याच्या ठिकाणी आपण महिन्याला जवळजवळ चार हजार वाचवीत आहात. आणखी सहा महिने तिथेच राहून खात्यात पन्नास-पंचावन्न हजार झाले की मग बाहेर पडावे. खोली घेतल्यानंतरही निदान दहा हजार रुपये हात न लावता बाजूला राहिले पाहिजेत. ते राहणार नसतील, तर भाडे कितीही परवडो, ती खोली परवडत नाही.

आता प्रवासाविषयी. भाडे आणि प्रवास ही दोन कलमे वेगळी लिहिण्याची सवय मला चुकीची वाटते. धायरीचे ७,५०० आणि पासचे १,५०० मिळून ९,००० होतात. शिवाय सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत दोन्ही वेळचे मिळून दोन-अडीच तास जाणार, आणि ज्या अभ्यासासाठी हा सारा खटाटोप आहे, तोच अभ्यास त्यात बुडणार. पुणे मेट्रोचे एका फेरीचे भाडे १० ते ३५ रुपयांच्या दरम्यान आहे आणि शिवाजीनगर मेट्रोवरच आहे. दापोडी, कासारवाडी, फुगेवाडी या बाजूला जुन्या वस्त्यांतून स्थानकापर्यंत पायी जाता येईल अशी खोली शोधून पाहावी. भाडे पाचशे-हजाराने जास्त असले, तरी रोजचा तासभर वाचेल.

एक गोष्ट विम्याची, जी बहुतेक लोक विसरतात. आपला पगार २१,०००च्या आत असल्यामुळे आपल्याला कर्मचारी राज्य विमा लागू आहे. बिबवेवाडीला त्यांचे रुग्णालय आहे. आजारपणात वैद्यकीय उपचार तर मिळतातच, शिवाय लागोपाठच्या रजेत पगार बुडाला तर, सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास, वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आजारपणाचा भत्ता मिळतो. एकट्या राहणाऱ्या माणसाला हा मोठा आधार आहे. आपले कार्ड काढून ठेवलेले नसेल तर आधी ते काढावे. मात्र पुढच्या पगारवाढीत आकडा २१,०००च्या वर गेला, तर चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबर किंवा ३१ मार्चपर्यंतच, वर्गणी कापली जाते आणि त्या वर्गणीवर मिळणारी सोय पुढे काही महिनेच राहते. त्यानंतर स्वतःचा आरोग्य विमा स्वतःच्या पैशातून घ्यावा लागेल, आणि तो खर्च पगारवाढीच्या आनंदात आताच मांडून ठेवावा. व्यवसाय कराची चिंता तूर्त नाही. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे.

गव्हांकुर :

सरकारी अनुदानावर चालणाऱ्या नोकरदार महिलांच्या वसतिगृहांचा विचार केला आहे का? केंद्राच्या या योजनेला आता सखी निवास म्हणतात. तिच्या नियमांप्रमाणे एकटीच्या खोलीचे भाडे एकूण पगाराच्या १५ टक्क्यांपेक्षा, दोघींच्या खोलीचे १० टक्क्यांपेक्षा आणि मोठ्या सामायिक खोलीचे साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्या पगारावर हा आकडा अनुक्रमे ३,०७५, २,०५० आणि १,५३७ रुपये येतो. जेवणाचे पैसे वेगळे. नोकरीचा दाखला लागतो, आणि जवळचे कुटुंब त्याच शहरात राहत नसावे अशी अट असते. साधारण तीन वर्षांपर्यंत राहता येते. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ, ही यातली अडचण. दाराची वेळ तिथेही असते. पण कार्यालयाचे पत्र दिल्यास महिनाअखेरीच्या कामापुरती सवलत मागता येते. महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करून नाव नोंदवून ठेवण्यात तोटा काहीच नाही.

तळमजल्याची_मालकीण :

मी वारजे माळवाडीला राहते आणि आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने देते. तुला एकेरी लिहिते आहे, राग मानू नकोस. माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. मालकाच्या बाजूने चार गोष्टी सांगते, कारण भाडेकरू मुली नेमके जे विचारायला हवे ते संकोचाने विचारत नाहीत.

पहिली गोष्ट कराराची. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नेहमीचा अकरा महिन्यांचा भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. ती न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. इतकेच नव्हे, तर नोंदणी नसताना वाद उभा राहिला तर अटींविषयी भाडेकरू जे सांगतो तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणून "नोटरी करून टाकू, स्वस्तात होईल" असे कोणी म्हणाले तर त्याला नम्रपणे नाही म्हणावे. खर्च फारसा नसतो. मुद्रांक शुल्क अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर आणि अनामतीवरच्या दहा टक्के मानीव व्याजावर मिळून पाव टक्का लागते. तुझ्या धायरीच्या खोलीला ते दोन-तीनशेच्या घरात येईल. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. बाकी जे काही सांगितले जाते ते ज्याच्याकडून करून घेतो त्या एजंटाची मजुरी असते. ती कोणी किती भरायची, हे आधीच ठरवावे. आमच्याकडे निम्मे-निम्मे करतो.

दुसरी गोष्ट विजेची, आणि इथे मालक मंडळींचे वागणे मला स्वतःला पटत नाही. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात पहिली १०० युनिटे सगळ्यांत स्वस्त असतात, १०१ ते ३०० पर्यंतचा दर बराच वर जातो आणि पुढे आणखी चढत जातो. एकट्या माणसाचा वापर एक पंखा, दोन दिवे, फोन, सकाळची एक बादली गरम पाणी एवढाच असेल, तर तो शंभराच्या आतच राहतो. पण चार खोल्यांना मिळून मालकाच्या नावाचा एकच मीटर असेल, तर सगळ्यांची युनिटे एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात आणि शंभराच्या आत वापर असलेल्या मुलीलाही दहा-बारा रुपये युनिटाने पैसे द्यावे लागतात. खोली पाहायला जाशील तेव्हा मीटर स्वतंत्र आहे का, हे विचार. उपमीटर असेल तर युनिटाचा दर करारात लिहून घे. गेल्या तीन महिन्यांची बिले दाखवा म्हणायलाही हरकत नाही. ज्याचा व्यवहार सरळ असतो तो दाखवतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. धायरी, आंबेगाव ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत आली. तिथल्या पुष्कळ इमारती उन्हाळ्यात अजूनही टँकरवर चालतात आणि तो खर्च कोणाकडून तरी वसूल होतच असतो. "पाणी चोवीस तास आहे" असे दलाल म्हणाला तर ते टाकीचे की नळाचे, हे शेजारच्या बाईंना विचार. दलालाला विचारून काही उपयोग नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या त्या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले होते आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले होते, तेव्हापासून आम्हीही पाणी उकळूनच पितो. उकळण्याचा गॅस किंवा वीज महिन्याच्या हिशोबात धर.

अनामत परत करताना रंगाचे पैसे कापण्याची पद्धत सर्रास आहे. ताबा घेताना भिंती, नळ, पंखे, फरशी यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेव आणि कापायचे असतील तर जास्तीत जास्त किती, हे लिहून घे. अनामत रोखीने देऊ नकोस.

आणि एक सांगते. एकटी मुलगी म्हटल्यावर काही घरमालक नको म्हणतील, काही नको त्या चौकशा करतील. अशा ठिकाणी भाडे कमी असले तरी जाऊ नये. ज्या घरात मालकीण स्वतः राहते, जिना वेगळा आहे आणि गल्लीत रात्री दहाला एखादे किराणा दुकान उघडे असते, अशी जागा मिळाली तर तिला तीनशे-चारशे रुपये जास्त द्यावेत.

उसळ_भाकरी :

जमाखर्च यांनी जेवणाचे ३,५०० धरले आहेत, त्याविषयी थोडे वेगळे मत मांडतो. मी स्वतः उदगीरकडचा असून कात्रजला बरीच वर्षे एकट्याने राहिलो आहे.

खानावळीचा दोन वेळचा डबा आज तीन ते साडेतीन हजारांच्या दरम्यान पडतो आणि रविवारी संध्याकाळी बहुतेक ठिकाणी सुट्टी असते. घरी स्वयंपाक केला तर फार वाचते, असा एक समज आहे. एकट्या माणसाच्या बाबतीत तो तितकासा खरा नाही. अर्धा लिटर दूध रोज धरले तर महिन्याचे नऊशे रुपये तिथेच गेले. भाजी एकट्यापुरती घेतली की महाग पडते आणि जास्त घेतली की फ्रिजवाचून सडते. धान्य, डाळ, तेल, मसाला, भाजी, दूध, इंधन मिळून अडीच ते तीन हजारांच्या खाली मला कधी येता आले नाही. म्हणजे सकाळ-संध्याकाळ राबून वाचतात ते पाचशे-सातशे. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माणसाने हा सौदा डोळसपणे करावा.

फरक पडतो तो गावाकडून काय येते यावर. आपण लातूरच्या आहात. ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, लाल तिखट आणि शक्य असल्यास करडईचे तेल घरून आले, तर बाजारातून भाजी, दूध, तांदूळ आणि चहा-साखर एवढेच घ्यावे लागते आणि खर्च दोन हजारांच्या आत येतो. लातूरला तुरीची एवढी मोठी बाजारपेठ असताना पुण्याच्या किराणा दुकानातून किलोकिलोने डाळ विकत घेण्यात अर्थ नाही. ओझ्याची चिंता असेल तर एसटीने पार्सल येते, आणि आपण स्वतः जाल तेव्हा १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट आहे. ज्वारी दळून आणू नये, दाणेच आणावेत. पीठ महिन्याने कडवट होते. भाकरी येत नसेल तर पहिला महिना ओबडधोबड होतील, होऊ द्याव्यात.

मी करीत असे ते असे : रात्री मटकी किंवा चवळी भिजत घालायची, दुसऱ्या रात्री फडक्यात बांधायची, आणि सकाळी कुकरला एकदाच उसळ आणि भात लावायचा. दुपारचा डबा आणि रात्रीचे जेवण दोन्ही त्यात होते. रात्री फक्त दोन भाकऱ्या. अंडी चालत असतील तर आठवड्याला डझनभर. पालेभाजी गुरुवारच्या किंवा रविवारच्या आठवडी बाजारात संध्याकाळी उशिरा घ्यावी; विक्रेते घरी परत नेण्यापेक्षा निम्म्या भावात देऊन टाकतात.

इंधनाविषयी. स्वतंत्र मीटर असेल तर इंडक्शन शेगडी पुरते. एकट्याच्या स्वयंपाकाला दिवसाला एक-सव्वा युनिट लागते, म्हणजे महिन्याला पस्तीसेक. एवढे धरूनही बिल पहिल्या टप्प्यात राहते. मात्र वर मालकीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे बारा रुपये युनिट द्यावे लागणार असेल, तर इंडक्शन परवडत नाही. अशा वेळी पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्यावा. तो पेट्रोल पंपांवर आणि गॅस वितरकांकडे केवळ ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. किलोमागे तो घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडतो, पण एकट्याला महिनाभर सहज पुरतो. रस्त्याच्या कडेला भरून देणाऱ्यांकडे कधीही जाऊ नये.

सामान नवे घेण्याची घाई करू नये. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे लोखंडी पलंग, टेबल, खुर्ची घासाघीस करून चांगल्या अवस्थेत मिळतात. पंखा आणि कुकर मात्र नवेच घ्यावेत. बोहरी आळीत ते दुकानापेक्षा बरे पडतात. पहिल्या महिन्यात फक्त झोपण्याचे, आंघोळीचे आणि एका वेळच्या स्वयंपाकाचे सामान घेतले, तर जमाखर्च यांचे आठ हजार पाच हजारांवर येतात.

आणखी एक पर्याय कोणी मांडलेला नाही, म्हणून मांडतो. एकटीचे वन आरके आणि तिघींची खोली यांच्या मधोमध दोघींचा वन बीएचके असतो. बारा हजारांच्या घरात दोघी राहिल्या, तर प्रत्येकी सहा हजार पडतात. एकीला आतली खोली, दुसरीला बाहेरची. आठवडाभर आळीपाळीने स्वयंपाक केला, तर घरी शिजवण्याचे गणित खरोखर फायद्याचे होते, कारण दोघांपुरते शिजवायला एकापुरते शिजवण्याहून फार इंधन आणि वेळ लागत नाही.

मांजराकाठची :

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या बारकाईने उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते.

काकू, एकेरीच लिहावे. मीटरविषयी दलालाला आज विचारले. चार खोल्यांना एकच मीटर आहे आणि युनिटाला बारा रुपये घेतात, असे समजले. पाण्याबद्दल त्याने जे उत्तर दिले त्यावरून टँकरचाच प्रकार दिसतो. धायरीची ती खोली मी सोडून दिली आहे.

सखी निवासची चौकशी पुढच्या आठवड्यात करीन. तोपर्यंत जमाखर्च यांच्या सांगण्याप्रमाणे आहे तिथेच राहून पैसे साठवावेत, असे ठरवले आहे. विम्याचे कार्ड माझ्याकडे आहे, पण पगारवाढीनंतर ते बंद होईल, हे मला ठाऊक नव्हते. एप्रिलमध्ये वाढ अपेक्षित आहे, त्यामुळे त्या हिशोबाला आताच लागते.

उसळ-भाकरी यांनी सुचवलेला दोघींच्या घराचा पर्याय मला आवडला. कार्यालयातली एक मैत्रीण तयार आहे. ती शांत स्वभावाची आहे आणि तिलाही अभ्यास आहे. फक्त तिचे लग्न ठरण्याच्या मार्गावर आहे. ती मध्येच गेली तर बारा हजारांचे भाडे माझ्या एकटीच्या अंगावर येईल. करार कोणाच्या नावाने करावा, आणि अशा प्रसंगासाठी आधी काय ठरवून ठेवावे?

आणखी एक. कार्यालयातल्या काही जणी मिळून भिशी चालवतात. दरमहा दोन हजारांची आहे आणि पहिला हप्ता मला द्यायला त्या तयार आहेत, म्हणजे अनामतीची रक्कम लगेच उभी राहील. घ्यावी का?

जमाखर्च :

आधी भिशीचे. पहिला हप्ता उचलला म्हणजे ते बिनव्याजी का होईना, कर्जच झाले, आणि पुढचे सगळे महिने दोन हजार द्यावेच लागतील. आपल्या नव्या घराच्या हिशोबात महिन्याकाठी दोन हजार मोकळे उरतीलच असे नाही. त्यापेक्षा भिशीत शेवटचा हप्ता मागून घ्यावा. तोपर्यंत आपोआप बचत होते. तरीही या व्यवहाराला लिखापढी नसते, तेव्हा बायका ओळखीच्या आणि नोकरीत टिकून असलेल्याच हव्यात. पोस्टाचे आवर्ती खाते पाच वर्षांचे असल्याने आपल्या कामाला तितके सोयीचे नाही. बँकेतले सहा महिन्यांचे आवर्ती खाते ठीक, व्याज थोडे असले तरी.

दोघींच्या घराबद्दल एवढेच म्हणतो की, ती मध्येच गेली तर दोन महिने पूर्ण भाडे एकटीने भरण्याइतकी, म्हणजे तिच्या वाट्याची बारा हजारांची, रक्कम बाजूला असावी. मघाशी मी दहा हजार म्हणालो होतो. दोघींच्या घरासाठी ते बारा समजावेत. करारातले बारकावे मालकीणबाई जास्त चांगले सांगतील.

तळमजल्याची_मालकीण :

करार दोघींच्या नावाने कर. एकीच्याच नावाने केला तर दुसरी कागदावर कोणीच नसते, आणि मग पोलिसांकडे द्यायच्या भाडेकरूच्या माहितीपासून गॅसच्या जोडणीपर्यंत प्रत्येक ठिकाणी अडते. पण दोघींची नावे असली म्हणजे एक गेल्यावर मालक पूर्ण भाडे दुसरीकडे मागू शकतो, हेही ध्यानात ठेव.

अनामत दोघींनी आपापल्या खात्यातून निम्मी-निम्मी पाठवावी आणि करारात तशी वेगळी नोंद करून घ्यावी. म्हणजे तिचे लग्न ठरले तर तिची अनामत नव्याने येणाऱ्या मुलीने तिला द्यायची की मालकाने, हा वाद उरत नाही. आमच्याकडे अशा वेळी जुना करार रद्द करून उरलेलीच्या आणि नवीन आलेलीच्या नावाने दुसरा करतो. त्याचा खर्च जी जाते तिने करावा, असे दोघींनी आधीच एका साध्या कागदावर लिहून सही करून ठेवावे. मैत्रिणीत लिहून काय घ्यायचे, असे वाटेल. मैत्रीण आहे म्हणूनच लिहून घ्यायचे.

सूचनेची मुदत एक महिन्याची ठेव. सहा महिन्यांच्या आत सोडता येणार नाही, असे कलम पुष्कळ मालक घालतात. तुमच्या बाबतीत ते काढून टाकायला सांग, किंवा निदान एकीने सोडल्यास ते लागू होणार नाही, असे त्यात लिहून घे. निघताना विजेच्या शेवटच्या बिलापोटी मालक काही रक्कम राखून ठेवतात. ती किती आणि किती दिवसांत परत करायची, हेही करारातच असू दे.